खोली एक, ट्रंका चाळीस

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला घरून एक ठरलेला प्रश्न येतो. "अरे, कॉलेज पाचला सुटतं ना? मग रात्री दोनपर्यंत करता काय तुम्ही?" याला "अभ्यास" असं उत्तर सहसा कोणी देत नाही, आणि दिलंच तर ते घरी कोणाला पटत नाही. खरं उत्तर तीन गोष्टींत संपतं. कोणाच्या तरी खोलीतून उचलून आणलेलं पुस्तक वाचायचं, कॉमन रूममध्ये कॅरम नाहीतर खोलीत पत्ते कुटायचे, आणि शनिवार-रविवारी कुठे जायचं याचे बेत करायचे. (बेत बहुतेक वेळा फसतात ती गोष्ट वेगळी. आणि सबमिशनच्या आठवड्यात यातलं काहीच होत नाही, हे एचओडी सरांच्या माहितीसाठी.)

या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, टाइमपास. पण मित्रांनो, या टाइमपासला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. खोली एक, माणसं पुष्कळ, घर लांब, खिशात पैसे थोडे आणि हातात जरासा मोकळा वेळ, अशी परिस्थिती आली की माणसं नेमकं काय करतात, याचा मोठा प्रयोग मुंबईत एकदा होऊन गेलेला आहे. तो जिथे झाला तो काळाचौकी-लालबाग-परळ हा माझ्या घराचा भाग. "मुंबईचा असून हॉस्टेलला कसा काय?" असं मला पहिल्या वर्षी फार जणांनी विचारलं. त्याचं कारण कॅप राउंड. असो.

काळाचौकी म्हणजे नक्की कुठे?

लालबाग आणि शिवडी यांच्या मध्ये. हार्बरने आलात तर कॉटन ग्रीनला उतरायचं, सेंट्रलने आलात तर चिंचपोकळी किंवा करी रोड. कॉटन ग्रीन या नावातच कापूस आहे. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे हलला तेव्हा जुन्या बाजाराचं नावही त्याच्याबरोबर आलं. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांची रांग लागली आणि या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणायला लागले. काळाचौकीच्या वाट्याला इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या आल्या.

आपलं इंजिनिअरिंगचं शिक्षणही या गिरण्यांशी जोडलेलं आहे बरं का. मुंबईतली व्हीजेटीआय १८८७ साली सुरू झाली ती आधी भायखळ्याला, गिरण्यांना तांत्रिक माणसं लागत होती म्हणून. माटुंग्याला ती १९२३ मध्ये गेली. म्हणजे आपण ज्या कुळातले, त्या कुळाचा एक मूळपुरुष कापडगिरणीच आहे!

गावकीची खोली

गिरणीत काम करायला माणसं आली ती कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून, देशावरून. बहुतेक पुरुष एकटे आले. बायकापोरं गावी, शेत बघायला. मुंबईत एकट्याने खोली घेणं परवडण्यासारखं नव्हतं. मग एका गावच्या माणसांनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची, तिचं भाडं वाटून द्यायचं आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराने आधी तिथेच उतरायचं, अशी पद्धत पडली. याला गावकीची खोली म्हणत. बैठकीची खोली, मंडळाची खोली अशीही नावं आहेत. अशा काही खोल्या आजही चालू आहेत.

खोली साधारण दहा बाय बाराची. नावं मात्र वीस, तीस, कधी चाळीस. आता तुम्ही म्हणाल हे भूमितीत बसत नाही. भूमितीत बसत नाहीच, पण टाइमटेबलमध्ये बसतं. गिरणी पाळ्यांवर चालायची. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा होणार. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आपण एका प्रोसेसरवर अनेक कामं पाळीपाळीने कशी चालवतात ते लिहितो ना, तेच. फरक इतकाच की इथे प्रोसेसर म्हणजे एक वळकटी होती. भिंतीला लागून एकावर एक पत्र्याच्या ट्रंका, वर कपड्यांची दोरी, आणि उन्हाळ्यात निम्मी माणसं गॅलरीत नाहीतर फुटपाथवर. आमचे आजोबा आजरा तालुक्यातून सोळाव्या वर्षी असे येऊन पडले. त्यांची ट्रंक आमच्या माळ्यावर अजून आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि खाली गावाचं नाव. मालकीचा पुरावा एवढाच!

जेवायला खाणावळ. चाळीतलीच एखादी बाई महिन्याच्या बोलीवर पंधरा-वीस माणसांचं करायची. आपली मेस म्हणजे याच खाणावळीची धाकटी बहीण. या खाणावळवाल्या बायकांना सावकारी कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. या बायकांकडे आपण शेवटी परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

हे फक्त घाटी-कोकण्यांचंच होतं असं नाही. धोबीतलावला गोवेकरांचे कूड आहेत. तेही गावागणिक क्लब. तशाच भिंतीकडेला ट्रंका, तशाच जमिनीवर पथाऱ्या. बोटीवर कामाला जाणारा माणूस दोन सफरींच्या मध्ये तिथे राहायचा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची हा नियम.

आता आपल्या हॉस्टेलकडे बघा. तिघांची खोली, त्यात चौथा 'पॅरासाईट', पाचवा परीक्षेपुरता आलेला गाववाला. ओळखीचं वाटतंय ना?

फावला वेळ कुठून आला?

ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात उशिरा कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपण धरून चालतो की रविवार हा पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच आलेला आहे. तसं नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, 'दीनबंधु' पत्रातून लिहिलं. तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे कामगारांना तो मानवला.

सुट्टी मिळाली, पण रोजच्या तासांचं काय? सुरुवातीला गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. मग विजेचे दिवे आले. विजेने कामगाराचा ताण कमी झाला असेल असं आपल्याला वाटेल. झालं उलट. दिवा आला म्हणून अंधाराची अडचण संपली, आणि १९०५ च्या सुमाराला तेजीच्या दिवसांत काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. यंत्र आलं की माणसाचा वेळ आपोआप वाचतो, हा समज किती कच्चा आहे ते इथे दिसतं. वेळ वाचला तो कायद्याने, तोही टप्प्याटप्प्याने. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ११ तास, आठवड्याला ६०. १९३४ मध्ये १० तास, आठवड्याला ५४. १९४६ मध्ये ९ तास, आठवड्याला ४८. आणि यातला प्रत्येक तास मागे घेताना संप झाले, पगार बुडाले, माणसं तुरुंगात गेली.

म्हणजे १९१२ चा कामगार आणि १९४७ चा कामगार यांच्यात रोज तीन तासांचा फरक. हे तीन तास म्हणजेच पुस्तक, खेळ आणि प्रवास. आता एकेक बघू.

पुस्तक: एकाने वाचायचं, वीस जणांनी ऐकायचं

खोलीत लिहिता-वाचता येणारे थोडे. पण म्हणून खोलीत पुस्तक नव्हतं असं नाही. श्रावणात पोथी लागायची, हरिविजय, पांडवप्रताप, नवनाथ. एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. हीच पद्धत वर्तमानपत्राला लागू झाली. 'नवाकाळ' १९२३ मध्ये सुरू झाला, अत्र्यांचा 'मराठा' संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत १५ नोव्हेंबर १९५६ ला. एक अंक विकत घ्यायचा आणि अग्रलेख मोठ्याने वाचायचा. ज्याला वाचता येई त्याला खोलीत मान होता, कारण गावाहून आलेली पत्रं वाचून दाखवणं आणि उत्तरं लिहिणं हेही त्याच्याचकडे. बायकोचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे काय होत असेल, विचार करा! पुष्कळ जणांनी साक्षर व्हायचं ठरवलं ते याच कारणाने, असं आजोबा हसत हसत सांगायचे.

साक्षर व्हायला सोय होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. या संस्थेने कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा चालवल्या, मोफत वाचनालयं काढली. ज्यांना वाचनालयात येणं जमत नाही त्यांच्यासाठी पुस्तकांच्या पेट्या चाळींत फिरवल्या. पेटी वस्तीत जाणार, पुस्तकं वाटली जाणार, काही दिवसांनी पेटी पुढच्या वस्तीत. याआधीच १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालेलं होतं. पुढे १९५३ साली कामगार कल्याण मंडळ कायद्याने स्थापन झालं, त्याची केंद्रं वस्त्यावस्त्यांत निघाली. एकाच जागी वाचनालय, कॅरम, शिवणवर्ग आणि नाटकाची तालीम. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या, गल्लोगल्लीच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळायला लागलं.

आणि सगळे लोक काही ज्ञानासाठीच वाचत नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पात्रं म्हणजे त्या काळातले हिरो. ही पुस्तकं भाड्याने मिळायची आणि परत करायची घाई असल्यामुळे एका रात्रीत खोलीतले तिघे-चौघे वाचून काढायचे. एकाच्या हातात पहिली पन्नास पानं, दुसऱ्याच्या हातात पुढची, असंही चालायचं म्हणे. शेवट आधी वाचणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं! आपल्याकडे एका झेरॉक्सवर आख्खी विंग पास होते, त्याची ही परंपरा.

या वाचनातून काय निघालं? नारायण सुर्व्यांना लहानपणी गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं. मुलाने गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई झाला, पुढे शिक्षक झाला आणि १९६२ मध्ये त्याचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. अण्णा भाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. मुंबईत आले, गिरणीत राबले, याच वस्त्यांत फिरले, आणि त्यांच्या 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही माणसं मोठी होतीच. पण ज्या वस्तीत एक पुस्तक वीस जणांच्या हातातून जात होतं, त्याच वस्तीत ती घडली, हेही तितकंच खरं.

खेळ: दश्श्या, सोंगट्या आणि बोरिक पावडर

खेळाची निवड जागा आणि पैसे बघून होते. दहा बाय बाराच्या खोलीत क्रिकेट होत नाही. (आपल्या कॉरिडॉरमध्ये होतं, त्याचे ट्यूबलाइटचे पैसे कॉशन मनीतून जातात.) म्हणून खोलीत पत्ते, गॅलरीत कॅरम आणि मैदानात कबड्डी, अशी वाटणी झाली.

पत्त्यांत मेंढीकोटला जवाब नाही. चार माणसं, समोरासमोरच्या दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं, हुकूम ठरवायचा आणि दश्श्या ओढायच्या. चारही दश्श्या एका जोडीने नेल्या की समोरच्यांवर कोट. डाव दहा मिनिटांत संपतो, म्हणून पाळीवर जायच्या आधीही एक होऊन जातो. भागीदाराच्या हातात काय आहे हे न बोलता ओळखायचं असतं, म्हणून नवा आलेला पोरगा चार रात्रींत खोलीतला होऊन जातो. गणपतीत मंडप राखायला रात्रभर कोणीतरी जागं लागतं. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. इतक्या वर्षांच्या जागरणात पत्त्यांचे किती डाव झाले असतील, हिशोब नाही. आजोबांच्या खोलीत एक नियम कडक होता. पैसे लावायचे नाहीत. कारण सरळ आहे. ज्याच्या शेजारी रोज झोपायचं त्याचा पगार जिंकला तर दोघांनाही झोप येणार नाही.

कॅरमकडे तर आपण इंजिनिअर म्हणून बघायला हवं. खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस. ९ काळ्या, ९ पांढऱ्या, १ राणी. स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम. गेम २५ पॉइंटचा, नाहीतर ८ बोर्डांचा. सगळी मजा घर्षणात. आपण बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर म्हणजे बोरिक अॅसिड. त्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून सपाट थर करतात, पण थरा-थरांमधली ओढ अगदी कमजोर असते. त्यामुळे थर एकमेकांवरून सटकतात आणि सोंगटी त्यावरून जाते. ग्रॅफाइट वंगण म्हणून चालतं तेही याच कारणाने. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरतं आणि बोर्ड 'स्लो' होतो. मग चाळीतली मंडळी बोर्डावर लोंबकळता बल्ब बराच वेळ पेटवून ठेवायची. उजेडही मिळतो आणि बोर्डही वाळतो. असल्या बोर्डावर तयार झालेल्या खेळाला कमी समजू नका. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना १९९६ मध्ये कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेला आहे.

कबड्डीला तर पावडरही लागत नाही. १३ बाय १० मीटरची मोकळी जागा, चुन्याच्या रेघा आणि सात-सात माणसं. अभ्युदय नगरच्या शहीद भगतसिंग मैदानावर मी लहानपणी प्रकाशझोतातले सामने बघितलेत. गिरणगावात कबड्डी वाढली याचं कारण फार गूढ नाही. साहित्य शून्य, अंग कमावलेलं, आणि हाकेच्या अंतरावर दोन-तीन मंडळं. हाच खेळ १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडला गेला आणि भारताने सोनं आणलं.

प्रवास: वर्गणी काढून

गिरणी कामगाराचा प्रवास म्हणजे मुख्यतः गाव. शिमगा, गणपती, जत्रा. कोकणातले चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचे. हा धक्का काळाचौकीहून फार लांब नाही. गठुडं डोक्यावर घेऊन टोळकंच्या टोळकं चालत निघायचं. या प्रवासाची एक काळी आठवणही आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. त्यात सणाला घरी निघालेले चाकरमानी पुष्कळ होते. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली, आणि हळूहळू गावोगाव लाल गाडी पोचली. मग गावकीच्या खोलीचा खरा उपयोग झाला. गाडीभर माणसं जमली की एसटी ग्रुप बुकिंगमध्ये अख्खी गाडी देते. ती तुमच्या वस्तीतून सुटणार आणि थेट तुमच्या गावात जाणार, मधे बदलाबदली नाही. चाळीस नावं आणि आगाऊ पैसे हे खोलीतल्या वहीत आधीच तयार! कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, तरी गणपतीत ग्रुप बुकिंगच्या गाड्या अजून लागतात.

पुढच्या पिढीने याच पद्धतीने डोंगर गाठले. शनिवारी रात्री चिंचपोकळीला नाहीतर करी रोडला गाडी पकडायची, कर्जत किंवा कसाऱ्याकडची शेवटची लोकल धरायची, आणि उजाडेपर्यंत प्लॅटफॉर्मवर आडवं व्हायचं. कर्जतवरून कोंडिवडे मार्गे राजमाची, आंबिवलीवरून पेठचा कोथळीगड, नेरळवरून पेब. कसाऱ्याच्या बाजूने बारी गाव आणि तिथून कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. या ट्रेकचा खर्च आजही एका सिनेमा-पॉपकॉर्नपेक्षा कमी येतो, कारण टोप एकाचा, स्टोव्ह दुसऱ्याचा, दोर तिसऱ्याचा आणि तांदूळ सगळ्यांचे.

यात गुपित काय?

तीन शब्द आहेत. वर्गणी, पाळी आणि वही.

वर्गणी म्हणजे वस्तू सगळ्यांची. पाळी म्हणजे ती एकावेळी एकाची. आणि वही म्हणजे कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसतंय. पुस्तकांची पेटी यावर चालली, कॅरम बोर्ड यावर चालला, गाडीचं बुकिंग यावर चाललं. वळकटीसुद्धा यावरच चालली! आपण म्हणतो की पूर्वीची माणसं साधी होती, प्रेमळ होती, म्हणून जमलं. आजोबांनी सांगितलेली भांडणं ऐकली असतीत तर असं म्हणाला नसतात. बादलीवरून डोकी फुटलेली आहेत. जमलं ते यासाठी की रविवारी बैठक बसायची, वही उघडायची, ज्याने वर्गणी थकवली त्याचं नाव मोठ्याने वाचलं जायचं आणि ज्याची नोकरी गेली त्याची वर्गणी माफ व्हायची. दोन्ही गोष्टी त्याच वहीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक जण पुन्हा कधी आत गेले नाहीत. संपाच्या काळात कित्येक जण गावी परतले, आणि कित्येकांना याच खोल्यांनी आसरा दिला. गिरण्या गेल्या, जागेवर टॉवर आले. आता अभ्युदय नगरच्या पुनर्विकासाचं काम म्हाडाने हाती घेतलंय. मोठी घरं मिळणार, आणि ती मिळायलाच हवीत. दहा बाय बाराच्या खोलीचं कौतुक ती सोडून आलेल्यानेच करावं. पण गॅलरी, ओटा आणि मैदान या तीन जागा नकाशात कुठे आहेत, हे आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं आर्किटेक्टला सारखी विचारतात. सिव्हिलवाल्यांनी हा प्रश्न लिहून ठेवावा.

आणि या सगळ्यात एक खोट होती, ती लपवण्यात अर्थ नाही. खोली गावाची होती, पण अनेकदा एकाच जातीची होती. आणि ती पुरुषांची होती. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार खाणावळवाल्या बाईला मिळाला नाही. गिरणीला सुट्टी, पण जेवायला माणसं तेवढीच, उलट रविवारी मटण! पहाटे उठून रात्री भांडी घासेपर्यंत तिच्या दिवसात पोथी ऐकण्याएवढी सुद्धा फट नव्हती. चाळीस माणसांचा फावला वेळ दोन बायकांच्या हातांवर उभा होता.

आता आपलं बघू

आपल्या कॉमन रूममध्ये दोन बोर्ड आहेत आणि स्ट्रायकर एक, तो कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. लायब्ररीच्या मराठी कपाटातली पुस्तकं चांगली आहेत, पण कुलूपबंद आहेत. ट्रेक ठरतो बारा जणांचा, निघतात चार, कारण पैसे आधी कोणी काढत नाही. खोलीत तिघे असतात आणि तिघांच्या हातात तीन मोबाईल, तिघांच्या कानात तीन वेगळे सिनेमे. मोबाईलला मी शिव्या देणार नाही, माझ्याकडेही आहे. एवढंच म्हणतो की जी वस्तू वाटून घ्यावी लागत नाही, तिच्यामुळे शेजारच्याशी बोलायचं कारणही पडत नाही.

म्हणून तीन सूचना. एक, प्रत्येक मजल्यावर एक पेटी ठेवू. ज्याने त्याने आपली दोन पुस्तकं टाकायची, दर महिन्याला पेटी पुढच्या मजल्यावर. दोन, कॅरम बोर्डाला दोरीने वही बांधू, स्ट्रायकर कोणी नेला ते त्यात लिहायचं. तीन, ट्रेकचे पैसे आधी, आणि परत आल्यावर हिशोबाचा कागद नोटीस बोर्डावर. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी प्रत्येकी पाच-दहा रुपये जास्त काढू, नाव न लावता.

चौथी गोष्ट सूचना नाही, विनंती आहे, आणि ती रेक्टर सर आणि मॅडम यांना आहे. मुलांना कॉमन रूम आणि रीडिंग रूम रात्री उशिरापर्यंत मोकळी असते, मुलींच्या हॉस्टेलचं गेट त्याआधीच बंद होतं. त्यांच्याकडे कॅरम बोर्डही नाही. एकाच कॉलेजात, तेवढीच फी भरून, निम्म्या लोकांना कमी संध्याकाळ मिळते. खाणावळीतल्या बाईंना जे मिळालं नाही ते आपल्या बहिणींना आणि मैत्रिणींना तरी मिळावं. पहिली पायरी म्हणून पुस्तकांची पेटी तिकडूनच सुरू करूया, आणि बोर्डासाठी वर्गणी आम्ही काढतो.

वहीची पानं आखायला येत्या रविवारी जेवणानंतर कॉमन रूममध्ये बसतोय. स्ट्रायकर ज्याच्याकडे असेल त्याने तो घेऊन यावं. कोणी काही विचारणार नाही.